आयझॉलमधली तांदळाची मूठ

सिलचरहून सुमोनं मिझोरमची राजधानी आयझॉल गाठलं, कंबर मोडून आली. पुढचे दोन दिवस पावसात आणि चढउतारात गेले. लिहायचं आहे ते शनिवारच्या संध्याकाळबद्दल.

जिथं उतरले होते त्या घरच्या काकूंनी भाताला तांदूळ घेतले. धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकली. कुणासाठी, विचारलं तर म्हणाल्या, "चर्चसाठी. आई टाकायची, आजीही टाकायची."

याला बुहफाइ थम म्हणतात. प्रत्येक वेळी भात रांधण्याआधी एक मूठ देवाची, ही रीत 1910 पासून चालू आहे. घरोघरचा तांदूळ चर्चच्या मंडळीतल्या बायका गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा धर्मप्रसाराला लागतो. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा, तो वेगळाच. या मुठींतून आज वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. ज्या घरात सोनंनाणं नव्हतं, तिथल्या बाईलाही देता येईल असं हे दान. मला ते फार मोठं वाटतं.

लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी इथं आले 1894 च्या जानेवारीत. मिझो भाषेला रोमन लिपी त्यांनीच दिली. 1897 मध्ये वेल्समधून डी. ई. जोन्स आले आणि प्रेस्बिटेरियन हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ रुजला. मी सांगलीची. आमच्या शेजारी मिरजेत डॉ. वानलेस यांनी प्रेस्बिटेरियन मिशनचं हॉस्पिटल काढलं तेही 1894 सालीच. मिरजेत त्या पंथाची ओळख दवाखान्याची, इथं मात्र अख्खं गावच त्याच्या घड्याळावर चालतं.

रविवारी मिशन वेंग या वस्तीतल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये उपासनेला गेले. बाहेर दुकानांची शटरं खाली, आत बाकं गच्च. इथं बिशप नसतो. मंडळीनं निवडलेले वडील, ज्यांना मिझोत उपा म्हणतात, पाळकाबरोबर, म्हणजे धर्मगुरूबरोबर कारभार पाहतात. संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. तारण माणसाच्या पुण्याईनं मिळत नाही, देवाच्या कृपेनं मिळतं, ही सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनची शिकवण. मग खुआंग वाजू लागला. हा मिझो ढोल जुन्या सणांतल्या दारूशी जोडलेला म्हणून आधी चर्चबाहेर ठेवला होता. पुढं धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटांनी तो आत आणला. त्याच्या संथ ठेक्यावर सगळी मंडळी गायला लागली तेव्हा शब्द कळत नसूनही मला रडू आलं.

एक गोष्ट मात्र खुपली. ज्या बायकांच्या मुठींवर हे सारं उभं आहे, त्यांना पाळकाची दीक्षा द्यावी की नाही यावर इथं कित्येक दशकं वाद चालला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "माझी मुलगी थिऑलॉजी शिकलीय. तिला विचारा, ती दोन तास बोलेल."

आणि हो, पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते पांढरंशुभ्र सोलोमन टेंपल वेगळ्या पंथाचं आहे. तेवढंच पाहून परतू नका. रविवार आयझॉलमध्येच काढा, फक्त खाण्याची सोय शनिवारीच करून ठेवा.