आदल्या रात्रीचा वारा: मे महिन्यातलं सेंट्रल पार्क

सेंट्रल पार्कला पक्षी बघायला कधी यावं, असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा 'कुठल्या शनिवारी' एवढंच हवं असतं. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींची अडचण मला कळते. मुलांचे क्लास, रविवारची मराठी शाळा, मंडळाचे कार्यक्रम, यातून जी सकाळ मोकळी निघेल ती आपली. पण वसंतातलं स्थलांतर या हिशेबात बसत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यातले दोन्ही शनिवार कोरडे जाऊ शकतात आणि मधल्याच एखाद्या मंगळवारी झाडं पक्ष्यांनी लगडलेली असतात. म्हणून माझं एकच सांगणं असतं: आदल्या रात्री नऊच्या सुमाराला वाऱ्याची दिशा बघा आणि मग गजर लावा. ऑफिसला उशीर करायचाच असेल तर त्या दिवशी करा.

वॉर्बलर, थ्रश, टॅनेजर, ओरिओल हे सगळे रात्री उडणारे स्थलांतरी पक्षी. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते उठतात. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, ससाण्यांचा धोका कमी असतो आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा पाठीशी असला की लोंढे निघतात. वायव्येचा वारा सुटला की बहुतेक जण जागचे हलत नाहीत आणि पार्कात कालचेच पक्षी आजही दिसतात. हे सगळं हवामानाच्या रडारवर दिसतं. पाऊस नसतानाही सूर्यास्तानंतर रडार केंद्राभोवती एक गोल फुगत जातो, तो पक्ष्यांचा असतो. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कॉर्नेल लॅबचं बर्डकास्ट हे संकेतस्थळ हीच रडारची माहिती वाचून त्या रात्री एखाद्या काउंटीवरून अंदाजे किती पक्षी, किती उंचीवरून आणि कुठल्या दिशेने चाललेत ते दाखवतं. मॅनहॅटनसाठी 'न्यू यॉर्क काउंटी' निवडायची.

आकडा मोठा दिसला म्हणजे सकाळ चांगलीच जाणार, असं मात्र नाही. रात्रभर अनुकूल वारा आणि निरभ्र आकाश असेल तर बरेच पक्षी न थांबता पुढे निघून जातात. सगळ्यात चांगली सकाळ ती, जिच्या आदल्या रात्री मध्यरात्र उलटेपर्यंत दक्षिणेचा वारा होता आणि पहाटे पाऊस किंवा थंड हवेचा पट्टा आडवा आला. तेव्हा वर असलेल्या पक्ष्यांना खाली उतरावंच लागतं. आणि उतरायचं कुठे? चहूबाजूंनी काँक्रीट, काच आणि पाणी, मध्ये 843 एकरांचा हिरवा आयत. वाळवंटात पाणवठा दिसावा तसा तो त्यांना पहाटे दिसत असणार. गंमत म्हणजे यातलं जवळजवळ सगळं माणसाने घडवलेलं आहे. पक्षी जिथे सगळ्यात जास्त उतरतात ते 36 एकरांचं रॅम्बलचं रानही आखून लावलेलं, आणि त्यातून वाहणारा गिल नावाचा ओढा शहराच्या नळाच्या पाण्यावर चालतो. पक्ष्यांना त्याने काही फरक पडत नाही. त्यांना किडे हवेत आणि आंघोळीला उथळ पाणी हवं.

अशी एक सकाळ मी रॅम्बलमधल्या अझेलिया पाँडपाशी पाहिली. पहाटेपर्यंत पाऊस झालेला, तापमान दहा अंशांच्या खाली, धुकं टॉवरांच्या निम्म्यापर्यंत उतरलेलं. अशा थंडीत शेंड्यावरचे किडे हलत नाहीत, म्हणून एरवी साठ-सत्तर फुटांवर राहणारे पक्षी झुडपांत, गवतात, थेट पायवाटेवर येतात. स्कार्लेट टॅनेजरचा नर हिरवळीच्या बुटक्या कुंपणावर बसून खाली मुंग्या शोधत होता. लालभडक अंग, कुळकुळीत काळे पंख. ओव्हनबर्ड वाळक्या पानांतून एकेक पाऊल टाकत चाललेला. आणि ब्लॅकबर्नियन वॉर्बलर, ज्याच्यासाठी लोक तासन्‌तास मान वर करून उभे राहतात, तो माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होता. वजन जेमतेम दहा ग्रॅम, आणि हिवाळा काढून आलेला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. घशाचा नारिंगी रंग चोचीखाली सगळ्यात गडद असतो आणि छातीकडे उतरताना पिवळट होत जातो, हे दुर्बिणीशिवाय दिसत होतं. त्याने पानाच्या खालून एक उंटअळी ओढून काढली, काडीवर दोनदा आपटली आणि गिळली. लगेच पुढचं पान. पानाची वरची बाजू तो बघतही नव्हता, अळ्या खालच्या बाजूला असतात हे त्याला पक्कं ठाऊक.

तिथे पंधरा-वीस माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. मग मोठी लेन्स घेतलेल्या एका गृहस्थांनी खिशातल्या छोट्या स्पीकरवर त्याच पक्ष्याचं गाणं लावलं. पक्षी खाणं सोडून ताठ झाला, दोनदा आवाजाच्या दिशेने झेपावला, प्रतिस्पर्धी शोधत वर ओकच्या शेंड्यात गेला आणि परत खाली आला नाही. याचा मला मनापासून संताप आहे. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावरची चरबी संपलेली असते, आणि पुढच्या उड्डाणासाठी ती एक-दोन दिवसांत भरून काढायची असते. खोट्या गाण्यावर घालवलेली प्रत्येक मिनिटं त्या खाण्यातून वजा होतात. शिवाय इथे एकाने लावलं की दिवसभर दहा जण लावतात. पक्षी तुमच्यापासून दहा फुटांवर आलेला असताना आणखी काय हवं असतं? कुणी स्पीकर काढला तर शांतपणे, पण स्पष्टपणे 'बंद करा' म्हणावं. आजूबाजूचे लोक साथ देतात.

बाकी रॅम्बलमधल्या लोकांविषयी माझं मत फार चांगलं आहे. अनोळखी माणूस तुम्हाला हाताला धरून जागा दाखवतो: 'डाव्या फांदीच्या बेचक्यात, घड्याळात दोन वाजतात तिथे.' पूर्वी तलावाकाठच्या बोटहाऊसमध्ये एक वही असायची, त्यात लोक दिवसभराच्या नोंदी लिहून ठेवत. आता ते काम ई-बर्ड हे पक्षी-नोंदींचं संकेतस्थळ आणि फोनवरचे अलर्ट करतात, आणि त्याने एक तोटा झाला आहे. घुबड दिसल्याची बातमी फुटली की अर्ध्या तासात पन्नास माणसं झाडाखाली. झोपलेल्या घुबडाची जागा उघड करू नये, इतकं तरी पाळायला हवं.

आता वाट. पेन स्टेशनला उतरलात तर सबवेची सी लोकल, न्यू जर्सीहून येणाऱ्या पाथ रेल्वेने 33व्या रस्त्याला आलात तर हेराल्ड स्क्वेअरहून बी. दोन्ही 81व्या रस्त्यावर म्युझियमपाशी थांबतात, पण बी शनिवार-रविवारी धावत नाही. पार्क सकाळी सहाला उघडतं. 81व्या रस्त्यावरून आत शिरून बेल्व्हेडिअर कॅसलकडे चढा आणि तिथून रॅम्बलमध्ये उतरा. सेंट्रल पार्कचं म्हणून जे तापमान बातम्यांत सांगतात ते या कॅसलपाशीच मोजलं जातं. मला ही जागा दुसऱ्या कारणासाठी आवडते: खडकावर उभं राहिलं की टर्टल पाँडकाठच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि मान अवघडत नाही. पुढे ट्युपेलो मेडो, अझेलिया पाँड, तलावात घुसलेलं द पॉइंट नावाचं टोक, आणि परतताना ओक ब्रिजजवळचं अप्पर लोब, हा क्रम चांगला. ऊन पाठीशी ठेवा. सकाळचं ऊन शेंड्यांच्या पूर्वेकडच्या बाजूला आधी पडतं, तिथले किडे आधी हलू लागतात आणि पक्षीही तिथेच जमतात. झाडांत ओक निवडा. मेच्या सुरुवातीला त्याच्या लोंबत्या मंजिऱ्यांमध्ये अळ्या भरलेल्या असतात.

रॅम्बलमध्ये सगळेच चुकतात, कारण वाटा मुद्दाम वळणावळणाच्या केल्या आहेत आणि झाडीत फोनचा नकाशा भरकटतो. दिव्याच्या खांबावरचे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे जवळचा रस्ता, आणि शेवटचा आकडा विषम असेल तर तुम्ही पश्चिम अंगाला, सम असेल तर पूर्व अंगाला. 7735 म्हणजे 77व्या रस्त्याची पातळी, पश्चिमेकडे. पक्षी कुठे आहे हे दुसऱ्याला कळवतानाही हाच आकडा सांगावा.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10× मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण दृश्याचा घेर लहान होतो आणि हात थरथरतो; वॉर्बलर एका जागी दोन सेकंद थांबत नाही, तो 10× मध्ये सापडेपर्यंत निघून जातो. दोन मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दिसणारी असावी, कारण वर सांगितली तशी सकाळ कधी येईल सांगता येत नाही. नवी असेल तर घरीच जुळवून घ्या: उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा, आणि ती पुन्हा हलवू नका. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप पूर्ण आत. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवतो.

मर्लिन ॲप आवाज ओळखतं, पण त्याच्यावर विसंबून नोंद करू नका. 1890 मध्ये याच पार्कात युजीन शिफलिन यांनी युरोपातून आणलेल्या 60 साळुंक्या, म्हणजे तिकडच्या स्टार्लिंग, सोडल्या. त्यांच्या वंशजांना नकला करण्याची खोड आहे, आणि ॲप त्या नकलेलाही खरा पक्षी समजून नाव दाखवतं. उलट ब्लॅकपोल आणि केप मे या वॉर्बलरांचे आवाज इतके बारीक की वय झालेल्या कानांना ते ऐकूच येत नाहीत, तिथे ॲप कामाला येतं. नाव दिसलं की शोधायला लागायचं, दिसल्यावर लिहायचं.

रॅम्बलमध्ये कुत्रा कायम पट्ट्याला बांधलेला असला पाहिजे, असा नियम आहे, कारण थ्रश आणि ओव्हनबर्ड जमिनीवर खातात. 25 मे 2020 ला ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका बाईंना हेच सांगितलं आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला. ती बातमी वंशभेदासाठी जगभर गेली आणि ते योग्यच होतं. पण कूपर मुळात बोलले ते जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी, हेही लक्षात राहावं असं मला वाटतं.

पार्काबाहेर पडताना इमारतींच्या पायथ्याशी नजर टाका. काचेत झाडांचं प्रतिबिंब बघून पक्षी आदळतात. नव्या इमारतींना पक्ष्यांना दिसेल अशी काच वापरण्याचा कायदा शहरात 2021 पासून लागू आहे, जुन्या इमारती मात्र आहेत तशाच आहेत. जिवंत पण गुंगलेला पक्षी सापडला तर कागदी पिशवीत अलगद ठेवा, तोंड दुमडून बंद करा, पाणी-दाणा काही देऊ नका, आणि कोलंबस ॲव्हेन्यूवरच्या वाइल्ड बर्ड फंडमध्ये न्या. पार्कापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मे महिन्यात माझ्या बॅगेत दोन कागदी पिशव्या असतातच.

आपल्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे निरोपाचा काळ. पळस-पांगाऱ्यावरच्या भोरड्या मध्य आशियाकडे निघतात आणि तळी रिकामी होतात. इथे उलट. मार्चच्या मध्यावर फीबी येतो, एप्रिलमध्ये पाम आणि पाइन वॉर्बलर, लुइझियाना वॉटरथ्रश, हर्मिट थ्रश. महिनाअखेर यलो-रम्प्डचे थवे. आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात मॅग्नोलिया, बे-ब्रेस्टेड, रेडस्टार्ट, पॅरुला, ओरिओल सगळे एकदम. नर आधी, माद्या मागून. ब्लॅकपोलची संख्या वाढली की वॉर्बलरचा हंगाम उतरणीला लागला. तोवर पानंही इतकी दाट होतात की नुसते आवाज मोजत बसावं लागतं.

त्यानंतर मी रॅम्बल सोडून शहरातल्याच जमैका बे या खाडीला जाते. ए ट्रेनने ब्रॉड चॅनेलला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. मेच्या शेवटी तिथे हॉर्सशू खेकडे किनाऱ्यावर अंडी घालतात आणि ती खायला तुतारी, टर्नस्टोन, रेड नॉट हे किनाऱ्यावरचे पक्षी जमतात. तिथे भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात. भरतीआधीच्या दोन तासांत पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं.