तुम्ही विचारलेत म्हणून: जंतू सापडला का?

'प्रवाळांना मारणारा जंतू अजून सापडला कसा नाही?' असे तुम्ही विचारता, तेव्हा 'मग इतकी वर्षे केलेत काय?' हा न उच्चारलेला अर्धा प्रश्नही मला ऐकू येतो. मायामीजवळ २०१४ साली दिसलेल्या आणि पुढे कॅरिबियन समुद्रात दूरवर पसरलेल्या, दगडी प्रवाळांची ऊती गळवणाऱ्या रोगाबद्दल तुम्ही बोलत असता. रोगट भागात जिवाणू ढिगाने सापडतात आणि नेमकी अडचण तीच आहे. मारेकरी कोण आणि मढ्यावर ताव मारायला आलेले कोण, हे यादीवरून ठरत नाही. एल्कहॉर्न प्रवाळावरील पांढऱ्या चट्ट्यांसाठी २००२ साली सांडपाण्यातल्या सेरेशिया मार्सेसन्स या जिवाणूकडे बोट दाखवले गेले होते. नंतर तसेच चट्टे त्या जिवाणूशिवायही आढळले.

मलाही एकदा उत्तर सापडले होते. रोगट मेंदू-प्रवाळाच्या कडेवरून वाढवलेला एक जिवाणू मी टाकीतल्या निरोगी तुकड्यांवर सोडला. शेजारच्या टाकीत, तुलनेसाठी, काहीच न सोडलेले तुकडे ठेवले. चौथ्या दिवशी पहिल्या टाकीत पांढरा डाग उमटला आणि त्याच संध्याकाळी मी जिवाणूचे नाव शीर्षकात घालून मसुदा लिहायला घेतला. सहाव्या दिवशी तुलनेच्या टाकीचे झाकण उचलले, तर एका तुकड्याच्या घळीत नखाएवढा सांगाडा उघडा पडला होता आणि कडेची सुटलेली ऊती पंपाच्या प्रवाहात ओल्या कागदाच्या चिंधीसारखी हलत होती. मी आधी काय केले असेल, तर तो तुकडा आकडेवारीतून वगळायला कारण शोधले. दोन्ही टाक्यांत एकच चिमटा वापरल्याची नोंद माझ्याच अक्षरात सापडली, तेव्हा लाज वाटण्याआधी मला हायसे वाटले.

तेही टिकले नाही. या रोगात पेशींचा नाश आतल्या थरात सुरू होतो आणि पृष्ठभागावर नंतर दिसतो, हे पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवले. म्हणजे मी डोळ्यांनी 'निरोगी' ठरवलेला तुकडा आधीच आजारी असू शकत होता.

अमॉक्सिसिलिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाच्या मलमाने डाग बहुधा थांबतो, मग दोषी जिवाणूच ना, हा तुमचा पुढचा प्रश्न माझाही होता. पण मागाहून आलेले जिवाणू हटल्यानेही डाग थांबू शकतो, आणि त्याच वसाहतीवर दुसरीकडे नवा डाग उठू शकतो. तरीही माझा कल अजून जिवाणूकडेच आहे. त्यात पुरावा किती आणि चौथ्या दिवशीचा तो डाग किती, याची मला खात्री देता येत नाही.