ताई, स्पेशल शाळेत तुमची ओळख आहे का?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की आता एकदा लिहूनच टाकते. ओळखी आहेत, पण त्यांचा उपयोग नाही. अनुदानित विशेष शाळेची विद्यार्थिसंख्या मंजूर केलेली असते आणि मान्यताही प्रवर्गाप्रमाणे असते: कर्णबधिरांची शाळा वेगळी, अंधांची वेगळी, बौद्धिक अक्षम मुलांची वेगळी. मुख्याध्यापिका माझी सख्खी बहीण असली तरी भरलेल्या पटावर नाव कुठून चढवणार? कुणी अठराचं होऊन काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत गेलं किंवा एखाद्या घराने गाव बदललं, की जागा सुटते. तेव्हा ज्याची फाईल तयार असेल त्याचा नंबर लागतो. म्हणून मी फाईलबद्दल बोलायला लागते, आणि समोरच्याला वाटतं ताई टाळताहेत.

टाळत नाही हो. तुमच्याच मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून बोलते.

शाळा जूनमध्ये उघडते, पण कामाला दिवाळीनंतर लागायचं. 1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र युडीआयडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच निघतं. हाती लिहिलेला जुना दाखला असेल तर आधी तो ऑनलाइन करून घ्या. दाखला हातात आला की सगळे टक्के बघतात, 40 च्या वर आहेत ना, मग झालं. प्रवर्ग कोणता लिहिलाय हे कुणी वाचत नाही. मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असताना दाखल्यावर एकच आलं, तर ऑटिझमच्या शाळेत पहिला प्रश्न येतो, "ऑटिझम कुठे लिहिलाय?" त्यासाठी आयएसएए ही 40 मुद्द्यांची तपासणी झालेली असावी लागते, 70 किंवा त्याहून जास्त गुण आले की स्वमग्नता धरतात. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात असतानाच हे विचारा, घरी परतल्यावर नाही. लहानपणी मिळालेल्या दाखल्याला मुदत असते, ती ऐन प्रवेशाच्या वेळी संपत नाही ना, तेही बघा. आणि अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन, गणित जड जाण्याचा) दाखला आठ वर्षांच्या आत मिळत नाही, तेव्हा पहिलीतल्या मुलासाठी त्याच्या मागे धावू नका.

बुद्ध्यांकाच्या चाचणीआधी कान तपासा. ज्याला नीट ऐकूच येत नाही त्याचा आकडा कमी येणारच, आणि मग ते मूल भलत्याच शाळेच्या दारात जाऊन उभं राहतं. कानाची बेरा तपासणी आधी, बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी नंतर. चाचणी घरात बोलतात त्याच भाषेत मागा, सकाळची वेळ मागा. अहवालात नुसता आकडा नको. सामाजिक वय (रोजच्या व्यवहारात मूल किती वर्षांच्या मुलासारखं वागतं) किती आलं आणि मुलाने कुठे कसा प्रतिसाद दिला, हे लिहून घ्या.

मग शाळेतला निरीक्षणाचा दिवस. याची तयारी म्हणून आईवडील मुलाकडून एबीसीडी आणि रंग घोटून घेतात. अहो, रंग शिकवायलाच तर शाळा आहे. बाई बघत असतात ते वेगळंच. आईचा हात सुटल्यावर मूल किती वेळात शांत होतं, शू लागली हे कसं कळवतं, डब्याचं झाकण स्वतः उघडतं का, हातातलं खेळणं कुणी घेतलं तर चावतं की रडतं. यावरून गट ठरतो, कोणत्या वर्गात मावशी जास्त लागतील ते ठरतं.

आणि याच दिवशी तो फॉर्म हातात येतो, ज्यावर विचारलेलं असतं: फिट्स येतात का?

एका घराने तिथे "नाही" लिहिलं. मुलाचं औषध चालू होतं आणि बरेच महिने आकडी आली नव्हती, त्यामुळे त्यांच्या मनाला ते खोटंही वाटलं नसेल. प्रवेश मिळाला. पावसाळ्यात मुलाला ताप आला, उलटीबरोबर सकाळची गोळी पडून गेली, दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतंय म्हणून शाळेत पाठवलं. ताप आणि चुकलेला डोस, आकडीला एवढं पुरतं. व्हॅनमध्येच आकडी आली. मावशींना काही ठाऊकच नव्हतं. ड्रायव्हरने नाकाशी चप्पल धरली, कुणीतरी दातांमध्ये चमचा घातला. पुढचा दात तुटला, व्हॅनची सीट रक्ताने भरली. मूल थोड्या वेळाने शुद्धीवर आलं. शाळेने कळवलं, फिट्स आटोक्यात येईपर्यंत घरी ठेवा. मूल घरी, नाव पटावर, आणि त्या "पर्यंत"ला तारीख नव्हती. त्याच्या आईने मला विचारलं, "ताई, खरं लिहिलं असतं तर घेतलं असतं का?"

मला हो म्हणता आलं नाही. खरं लिहिणाऱ्यांना "सध्या जागा नाही" असं सांगून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

पूर्वी मी सगळ्यांना बजावायचे, पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळे व्हा. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, नकार तुझ्या पदरात पडणार आहे का? पण लपवा असंही मी सांगणार नाही. व्हॅनमधल्या बाईला माहीत नसणं हे मुलाच्या जिवाशी आहे. आता मी एवढंच सांगते की फॉर्मवर नुसतं "हो" लिहून थांबू नका, सोबत न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडा. आकडी कोणत्या प्रकारची, साधारण किती वेळ टिकते, कशाने येते, कोणतं औषध किती वाजता. आणि खाली: मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे मारा आणि दवाखान्यात न्या. याची एक प्रत वर्गात, एक व्हॅनमध्ये. भीती वाटणाऱ्या शाळेच्या हाती करण्यासारखं काही दिलं, तर काही शाळा तयार होतात. सगळ्या होत नाहीत.

"साधी शाळा नाही म्हणूच शकत नाही, मग स्पेशल कशाला?" असंही सुनावलं जातं मला. कायदा मलाही ठाऊक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती तुमची, हे त्यातच लिहिलं आहे. शेवटच्या बाकावर दिवसभर हातात खडू देऊन बसवलेलं मूल समावेशित झालं, असं मी मानत नाही. आणि चांगला विशेष शिक्षक लाभलेली साधी शाळा मिळत असेल, तर स्पेशलचा हट्टही धरत नाही. बॉर्डरलाइन, म्हणजे बुद्ध्यांक थोडाच कमी असलेल्या, मुलांचं मात्र अवघड आहे. त्यांचा दाखला 40 पर्यंत पोचत नाही, स्पेशल शाळा म्हणते हुशार आहे, साधी म्हणते झेपत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

विनाअनुदानित शाळेत फी भरण्याआधी 2016 च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आणि शिक्षकांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक बघायला मागा. दाखवायला कुरकुर झाली तर पैसे भरू नका.

प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. देत नसतील तर तुमच्याच अर्जाच्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. तक्रार जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे करा किंवा पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे, हाच कागद लागतो. वेटिंगवर असताना मुलाचं नाव जवळच्या साध्या शाळेच्या पटावर असू द्या. पटावर नाव असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला गाठता येतं, आणि घरी शिकवायला कुणी येईल का, हे मुख्याध्यापकांकडे लेखी विचारता येतं.