ओमाहाची तळी आणि बांध: मामांबरोबर दोन दिवस

मामा पाटबंधारे खात्यातले. शाखा अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. गेल्या मे महिन्यात ते पहिल्यांदा अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला आमच्याकडे आले, तेव्हा मी शिकागो, माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेले चेहरे असा बेत कागदावर मांडून ठेवला होता. त्यांनी चष्मा लावून तो कागद नीट वाचला आणि बाजूला ठेवला. "अगं, ते डोंगरातले चेहरे फोटोत बघितलेत मी. तू फोनवर सांगत होतीस ना, तुमच्याकडं पूर आला, बांध फुटले म्हणून? ते बांध दाखव मला. आणि ती तळी."

२०१९ हे साल आमच्या घरानं दोन पुरांत काढलं. मार्चमध्ये इथं नेब्रास्कात गोठलेल्या जमिनीवर पाऊस कोसळला, साठलेलं बर्फ एकदम वितळलं आणि प्लॅट, एल्कहॉर्न या नद्या बर्फाच्या लाद्या घेऊन फुगल्या. जवळचं फ्रीमॉन्ट शहर काही दिवस बेटासारखं तुटलं होतं. ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगली बुडवली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मामांच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि मी इथं फोन हातात धरून बसले होते. त्यामुळे त्यांनी बांध बघायचेत म्हटल्यावर मी दुसरं काही सुचवलं नाही.

आधी हे सगळं कोण सांभाळतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय या सहलीत नुसती तळी दिसतील. नेब्रास्कात 'नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट' असतात, बोलताना सगळे 'एनआरडी' म्हणतात. माती, पूर, भूजल यांसाठी पूर्वी दीडशेच्या वर लहानमोठी मंडळं होती. १९६९च्या कायद्यानं ती मोडून १९७२ पासून २४ एनआरडी सुरू झाली, पुढे एक विलीनीकरण होऊन २३ राहिली. यांच्या हद्दी मुख्यतः नदीखोऱ्यांवरून आखल्या आहेत. संचालक लोकांनी निवडून द्यायचे, आणि मुख्य पैसा घरपट्टीबरोबर येणाऱ्या करातून. भूजल किती उपसायचं याचे नियमही हीच मंडळं करतात. मामांना हे दोनदा सांगावं लागलं. "म्हणजे खोऱ्यातल्या लोकांनीच निवडून दिलेलं मंडळ बोअरवेलवर बंधन घालतं?" हो, घालतं.

ओमाहाचं एनआरडी म्हणजे पॅपिओ-मिझुरी रिव्हर एनआरडी. पॅपिओ हे पॅपिलियन या ओढ्याचं लाडाचं नाव, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ फुलपाखरू. सुमारे ४०० चौरस मैलांचं पाणलोट, लिटल, बिग आणि वेस्ट असे ओढ्याचे तीन फाटे, आणि त्यावरच वसलेलं शहर. १९६४च्या जूनमध्ये एका रात्रीच्या पावसानं हे फुलपाखरू असं उठलं की सात माणसं गेली. त्यानंतर लष्कराच्या अभियंता विभागानं या खोऱ्यात २१ धरणांचा आराखडा केला. सगळी झाली नाहीत. शेतजमीन जाणार म्हणून विरोध झाला, उत्तरेच्या वॉशिंग्टन काउंटीत तर फार. पण जी झाली तीच आज आपण ज्यांना 'लेक' म्हणतो ती तळी. ओमाहात नऊ वर्षं राहूनही मी झोरिन्स्की तळ्यावर चालायला जायचे ते बाग समजून. आपण धरणाच्या माथ्यावर चालतोय हे मला मामांनी दाखवलं.

पहिला दिवस शुक्रवार घेतला आणि तुम्हीही कामाचाच दिवस घ्या, कारण सुरुवात चाल्को हिल्स या उद्यानापासून करायची आणि एनआरडीचं कार्यालय तिथंच आहे. सगळ्या तळ्यांचे, पायवाटांचे नकाशे मागून घ्या. शहरात बसच्या भरवशावर ही ठिकाणं होणार नाहीत, स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवी. आम्हाला प्रवेशासाठी कुठं पैसे पडले नाहीत.

चाल्को हिल्समधलं वेर्सपॅन तळं २४५ एकरांचं. आम्ही सकाळी सातला पोचलो. पाणी आरशासारखं, काठावर कॅनडा गूझ पिल्लांसह चरत होते. मामा पाण्याकडे बघतच नव्हते. धरणाच्या भिंतीजवळ पाण्यातून वर आलेला काँक्रीटचा चौकोनी मनोरा त्यांनी हेरला होता. "दारं कुठं आहेत याची?" मी म्हटलं, नसावीत. ते थांबले, खाली वाकून, मान तिरकी करून बघत राहिले. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण या सहलीतली माझी सगळ्यात मोठी कमाई तीच.

आपल्याकडच्या मोठ्या धरणांवर वक्र दरवाजे असतात. पाऊस वाढला की किती उघडायचे, कधी उघडायचे, खालच्या गावांना कधी कळवायचं, हे माणसांनी ठरवायचं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून सांगलीत दर पावसाळ्यात जे वातावरण तापतं ते याच हिशेबावरून. इथं मनोऱ्याचं तोंड ठरावीक उंचीला उघडं. तळं त्या पातळीच्या वर चढलं की पाणी आपोआप आत पडतं आणि भिंतीखालच्या नळातून पलीकडे जातं. नळ जेवढा, तेवढंच पाणी. वरून कितीही लोंढा येवो, खाली मोजकंच जाणार, उरलेलं तळ्यात चढत राहणार आणि नंतर दोनचार दिवसांत उतरणार. त्याहून मोठा पूर आलाच तर भिंतीच्या बाजूला गवताचा रुंद सांडवा ठेवलेला असतो. आम्ही तो शोधला. गवताची उतरती पट्टी, कुणालाही खेळाचं मैदान वाटावं अशी. "दारच नाही, म्हणजे रात्री दोनला दार उघडायचा हुकूम कुणी द्यायचा हा प्रश्नच नाही," मामा म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. लहान पाणलोटालाच हे जमतं, कोयनेला असं करता येणार नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं.

म्हणून माझी पहिली सूचना अशी: कुठल्याही तळ्यावर गेलात की आधी भिंत, मनोरा आणि सांडवा शोधा. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच शोधायला लावा. आणि पावसानंतर तळं काठावरच्या वाटांवर आलेलं दिसलं तर घाबरू नका, ते आपलं काम करतंय. मात्र अशा वेळी पाण्याखाली गेलेल्या वाटेवर किंवा रस्त्यावर पाय किंवा गाडी घालू नका.

भिंतीवर एकही झाड नव्हतं. मुळं कुजली की पोकळी राहते आणि पाणी तिथून वाट काढतं, मातीच्या धरणाचा हा नियम सांगलीत आणि नेब्रास्कात एकच. गवत कापलेलं, कारण त्याशिवाय बिळं दिसत नाहीत. आपल्याकडे घुशी, इथं ग्राउंडहॉग आणि मस्करॅट. मामा बिळं शोधत चालले. एकही सापडलं नाही, त्याचा त्यांना खरोखर आनंद झाला.

दुपारी झोरिन्स्की. २५५ एकरांचं हे तळं शहर सांभाळतं, ओमाहातल्या निम्म्या मराठी घरांची संध्याकाळची चाल इथंच असते. मधून १६८वा रस्ता जातो, दोन्ही भागांना मिळून फेरी सात मैलांच्या वर होते. सोबत वयस्कर माणूस असेल तर एकच भाग घ्या, पूर्वेकडचा, धरण त्याच बाजूला आहे. सावली कमी आहे, टोपी आणि पाणी न्या.

२०१० मध्ये इथं झेब्रा शिंपले सापडले. बोटाच्या पेराएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. बोटींना चिकटून येतात, नळ बुजवतात, पाण्यातलं बाकीच्या जिवांचं अन्न गाळून खातात. त्या हिवाळ्यात तळ्याचं पाणी उतरवून शिंपले थंडीत गोठू दिले. २०१८ मध्ये कनिंगहॅम तळ्यावरही तेच करावं लागलं. म्हणून कायाक, होडी, मासेमारीची बादली, काहीही एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना पाणी पूर्ण काढा, धुवा, वाळवा. होडीतलं पाणी काढल्याशिवाय तळं सोडायचं नाही असा इथं कायदाच आहे. पाणी जपायच्या याच विचारानं आपल्या माणसांना एक मनापासूनची विनंती: निर्माल्य किंवा गणपती या तळ्यांत सोडू नका. घरी बादलीत विसर्जन करून ते पाणी झाडांना घाला. आमच्याकडे गेली सात वर्षं तसंच होतं आणि मामांनी ऐकून मान डोलावली.

संध्याकाळी फ्लॅनगन तळ्यावर थोडाच वेळ होतो. २२० एकर, २०१८ मध्ये खुलं झालेलं, म्हणून झाडं अजून कोवळी आणि वारा अंगावर येणारा. सायकलवाल्यांना उत्तम. वरच्या अंगाला गाळ अडवण्यासाठी वेगळे छोटे बांध घातलेत. इथली माती वाऱ्यानं वाहून आणलेली, पिठासारखी बारीक, पावसात लगेच धुपते. आजूबाजूला घरांची बांधकामं चालू असली की गाळ आणखी येतो. "तळ्याचं आयुष्य पाण्यावर ठरत नाही, गाळावर ठरतं," हे मामांचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेअरी क्वीन, १३५ एकर, पॅपिलियन गावाजवळ. लहान मुलांना गळ टाकायला शिकवायचं असेल तर इथं या, धक्के सोयीचे आहेत आणि ब्लूगिल सहज लागतो. वय १६ आणि पुढच्या सगळ्यांना मासेमारीचा परवाना लागतो, पाहुण्यांनाही. तो राज्याच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत मिळतो. पोहायला यातलं एकही तळं नाही. उन्हाळ्यात निळसर-हिरवा रंग ओतल्यासारखा थर पाण्यावर दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला काठापासून लांब ठेवा, ते शेवाळ विषारी असू शकतं. वॉलनट क्रीक त्याच वाटेवर आहे, १०५ एकर, मुक्कामाची सोयही आहे. आम्ही तिथं डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि निघालो.

कारण मामांना बांध बघायचे होते. इथले लोक त्यांना लेव्ही म्हणतात. बेलव्ह्यू गावाच्या दक्षिणेला पॅपिओ ओढा मिझुरीला मिळतो, तिथून थोडं खाली प्लॅट मिळते. त्या कोपऱ्यात मातीचे लांबच लांब बांध आहेत आणि त्यांच्या आडोशाला ऑफट हा हवाई दलाचा तळ. २०१९च्या मार्चमध्ये पाणी बांधांवरून आलं आणि तळाचा एक तृतीयांश भाग बुडाला. बांध उंच करायचं काम एनआरडीनं आधीच हाती घेतलं होतं, पण परवानग्यांत वर्षं गेली होती. पुरानंतर ते झालं. मी हे सांगितल्यावर मामा एवढंच म्हणाले, "नदी फाईलसाठी थांबत नाही."

गाडी उद्यानात लावून बेलव्ह्यूच्या पायवाटेनं आम्ही बांधावर चढलो. एका बाजूला मिझुरी, गढूळ, मुकाट्यानं वेगात जाणारी. दुसऱ्या बाजूला शेतं, त्यांची पातळी नदीच्या पुराच्या पाण्याहून खाली. मामांनी बांधाच्या पायथ्यातून नदीकडे निघणारा एक नळ दाखवला, त्याच्या तोंडाला लोखंडी झडप. नदी उतरलेली असताना आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. नदी चढली की तिच्याच दाबानं झडप मिटते. त्यात एक लाकडाचा ओंडका अडकला की सगळी नदी आत. "हे झडपेचं तोंड साफ ठेवायला माणूस लागतो," मामा म्हणाले, "यासाठीच तो कर द्यायचा." आणि झडप मिटलेली असताना वरून पाऊस पडला तर आतलं पाणी बाहेर जायला जागा नाही, ते उपसावं लागतं. सांगलीत नाल्यांतून नदी उलटी शिरते, ते आठवून दोघंही गप्प झालो.

बांधावर जाताना: पायवाट सोडून उतारावर चढउतर करू नका, गवत उखडलं की तिथूनच ओघळ पडतात. पायथ्याशी पाणी झिरपताना किंवा रेती उकळल्यासारखी बुडबुडताना दिसली तर फोटो काढत बसू नका, लगेच कळवा. ओढ्यालगतच्या पायवाटा पुलांखालून जातात. पावसानंतर तिथं गाळ साचतो आणि सायकल हमखास घसरते, म्हणून दोन दिवस थांबा. मे-जूनमध्ये उंच गवतातून आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा, लांब पँट आणि मोजे घाला. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकराला वादळाचे भोंगे वाजले तर ती चाचणी असते. एरवी वाजले तर तळ्यावरून निघून पक्क्या इमारतीत जा.

आणि इथं मतदार असाल तर मतपत्रिकेवर एनआरडी संचालकांची नावं असतात. मी पहिल्या दोन निवडणुकांत ती जागा कोरी सोडली. मामांना हे सांगायला मला लाज वाटली. मंडळाच्या बैठका दर महिन्याला होतात, कुणालाही बसता येतं. मी मामा गेल्यावर दोनदा जाऊन आले.

मामांना आता पुन्हा यायचंय, पण मार्च-एप्रिलमध्ये. चाल्को हिल्सच्या गवताळ भागात वसंतात मुद्दाम आग लावतात, झुडपं मरतात आणि खोल मुळांचं जुनं गवत जोमानं फुटतं, हे त्यांनी तिथल्या फलकावर वाचलं. ती मुळं माती कशी धरतात ते त्यांना खणून बघायचंय. खणू देणार नाहीत, असं मी सांगितलंय. ते म्हणतात, विचारून तर बघू.