वेताळ टेकडीवरचा जून

पाऊस अजून आलेला नाही, पण टेकडीला त्याची चाहूल लागली आहे. आज पहाटे खाणीकडे जाताना चातक दिसला. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा. हा पक्षी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि आमच्या कोथरूडच्या घरामागच्या बाभळीवर बसतो! मी दहा मिनिटं तिथून हललेच नाही.

आई गेल्यापासून मी रोज चढते. फेब्रुवारीत गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी फुलांनी भरतात, सगळे फोटो काढतात. मला मात्र ते झाड इथे रुचत नाही. मूळचं मध्य अमेरिकेतलं, वनीकरणासाठी लावलेलं. त्याच्या दाटीखाली आपलं गवत फारसं उभं राहत नाही, आणि गवत नसेल तर जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीने, चंडोलाने जायचं कुठे? त्यापेक्षा उतारावरची सालई आणि गणेर बघा. गणेरची पिवळीधमक फुलं ऐन उन्हात, पानं नसताना उमलतात.

एक विनंती. कुत्र्याला साखळीनेच आणा. मागच्या आठवड्यात एक मोकळा कुत्रा लांडोरीमागे धावला, पिल्लं गवतात विखुरली. ती बराच वेळ त्यांना हाका मारत होती. मालक फोनवर बोलत पुढे निघून गेले होते.

परत येताना वारा पडला, आणि दरीतून पावशाचा आवाज आला: पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.