साटाची राखण

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भर दुपारी जाऊ नये. चांगलं होतं ते सकाळीच उठलेलं असतं, भाजीवाल्या बायका टोपलीला टेकून डुलक्या काढत असतात आणि उन्हापुढे घासाघीस करायचंही त्राण उरत नाही. पण कामच असं निघालं की तिथून जाणं भाग होतं. आणि सुक्या मिरच्यांच्या ओळीच्या टोकाला एका म्हातारीपुढे सोलां म्हणजे आमसुलं, चिंचेचे गोळे आणि या सगळ्याच्या कडेला, वर्तमानपत्रावर, घड्या घातलेली फणसाची साटां, म्हणजे फणसपोळ्या, दिसली. काळपट तांबूस. पाठीवर सुपाच्या कामट्यांची नक्षी उमटलेली.

"रसाळाचीं?" मी उगाचच विचारलं. रसाळ म्हणजे बरका फणस, मऊ गऱ्यांचा.

"मागीर कित्याचीं? काप्याचें कोण करता?" म्हातारीने माझ्याकडे न बघताच विचारलं.

घेतली. घरात त्या सुमारास डब्याचा प्रश्न पेटला होता. २०२५ पासून गोव्यात सहावीपासून पुढच्या मुलांची शाळा एप्रिलातच सुरू होते, त्यामुळे मुलगी ऐन आंब्या-फणसाच्या दिवसांत दप्तर घेऊन निघते. छोट्या सुट्टीसाठी शाळेच्या अटी अशा: पाकिटातलं काही नको, तळलेलं नको, हात बरबटू नयेत, वहीवर डाग पडू नयेत, आणि फळ असेल तर उत्तम. आता चिरलेलं सफरचंद दुसऱ्या तासाला काळं पडतं, पपई डब्यात पाणी सोडते आणि केळं दप्तरात काय रूप घेतं ते सांगायला नको. तेव्हा घरातून हुकूम सुटला, सुकवलेलं काहीतरी करा. हा 'करा' मला होता, कारण दुपारी घरी मी असतो.

आमच्या लहानपणी साट हा डब्याचा खाऊ नव्हताच. डब्यात चपाती आणि भाजी, फार तर गूळ-खोबरं. शाळेच्या फाटकाबाहेर काण्णां, चुन्नां असली रानफळं, आवाळे, मीठ लावलेली कैरी, ते वेगळं. (आता २०२० च्या नियमांनी शाळेच्या ५० मीटरच्या आत भरमसाट साखर, मीठ, चरबीचं खाणं विकायला बंदी आहे. चिप्सवाल्यांचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक, आमची चुन्नांवाली मात्र त्याच्या कितीतरी आधीच दिसेनाशी झाली.) साट व्हायचं सुट्टीत, आणि शाळा उघडेपर्यंत ते कागद घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. ते निघायचं आषाढात, चार दिवस सूर्य दिसला नाही आणि चुलीत बिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, भाजायला पडली की.

आम्हा पोरांचा साटाशी संबंध एकच, राखणीचा.

आजी रसाळ फणस फोडायची तो दिवस सगळ्या घराला चिकटायचा. कोपरापर्यंत खोबरेल लावलं तरी चीक कुठेतरी लागायचाच, आणि मग तो केसांत, दाराच्या कडीला, मांजराच्या पाठीला. गरे रोवळीत घालून ती तळहाताने गोल गोल घोळायची. खाली पातेल्यात पिवळाधमक रस, वर धाग्यांचा चोथा. तो रस जरा आटवून, मिठाचा कण टाकून खोबरेल लावलेल्या सुपांवर आणि ताटांवर थापायचा. वरून सुकला की त्याच्यावर दुसरा थर. गूळ नाही, साखर नाही. रसाळाला गूळ घालणाऱ्यांबद्दल आजीचं मत बरं नव्हतं आणि माझंही नाही.

मग सुपं अंगणात, आणि बाजूला आंब्याच्या सावलीत काठी घेऊन मी. कावळे, कोंबड्या, मुंग्या, शेजारचं कुत्रं, सगळ्यांपासून राखायचं. पण राखणदारापासून कोण राखणार? त्याची एक पद्धत होती. मधूनच तुकडा तोडला तर खड्डा दिसतो. कडेने, नखाने, चहूबाजूंनी सारखं कुरतडत जायचं, म्हणजे गोल होतं ते गोलच राहतं, फक्त जरा लहान होतं. अर्धवट सुकलेल्या साटाची ती चव, वर कातडं आणि आत अजून मऊ, ती पुरत्या सुकलेल्याला कधीच येत नाही. संध्याकाळी आजी सुपं आत घ्यायला यायची, एकेक उचलून उजेडात धरायची आणि कोणाकडेही न बघता म्हणायची, "औंदा साट बरेंच आंखडलां. वत चड पडलें." यंदा साट बरंच आकसलं, ऊन जास्त पडलं, असं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच बसवायची.

आंब्याचं साटही व्हायचं, पण त्याला हा थाट नव्हता. मानकुरादसारखे चांगले आंबे कोणी साटात घालवत नाही, ते खायचे. पाडाला लागून पडलेले, एका बाजूने ठेचलेले, घोंटां असे सगळे एकत्र पिळून व्हायचं ते. आंबट-गोड, धागेवालं. सोलांची राखण तर कोणी मागूनही घ्यायचं नाही. भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा त्याच रसात बुडवायच्या. चोरायला जावं तर बोटं लाल आणि दात आंबलेले, गुन्हा लपणार कसा?

तर डब्यासाठी आता आमच्याकडे सुकवायचं यंत्र आलं आहे. लहान कपाटाएवढं, आत जाळीचे ट्रे. रस ओतायचा, ६० अंश लावायचे, सात-आठ तासांनी काढायचं. मी यंत्राच्या विरोधात नाही. इथल्या दमट हवेत एप्रिलचं कडक ऊनसुद्धा जाड साटाला तीन-चार दिवस घेतं आणि त्या दिवसांचाही आता भरवसा नाही. २०२५ च्या मे महिन्यात विसाव्या तारखेच्या आसपासच पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि महिना संपायच्या आत मोसमी पाऊस आल्याचं जाहीरही झालं. घरोघरच्या अर्ध्या सुकलेल्या मिरच्या, सोलां, साटां पळत आत आली आणि पंख्याखाली दाटीवाटीने पडून राहिली. आठवडाभर घराला आंबूस वास. यंत्रात ते नाही. माशी नाही, मुंगी नाही, रंग कसा एकसारखा.

काठी घेऊन बसायचं कामही नाही. ट्रे आत, दार बंद, घड्याळ वाजलं की झालं. निघतो तो पापडासारखा पातळ पत्रा, त्याच्या कात्रीने पट्ट्या कापायच्या, बटर पेपरात गुंडाळायच्या. माझ्या मते साट कात्रीने कापणं हा अपमान आहे, ते हाताने फाडायचं असतं, आणि दाताने ओढताना मान मागे गेली पाहिजे. पण फाडलेले तुकडे डब्यात नीट बसत नाहीत म्हणे.

"कसं लागलं?" पहिल्या दिवशी मी मुलीला विचारलं.

"माझ्या वाट्याला एकच पट्टी आली, बाबा. बाईंनी वास ओळखला. मग दुसऱ्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, आमच्या घरी व्हायचं हे."

शाळेत डबा वाटून खायचा नाही असा नियम आहे. तो बहुधा मुलांपुरता असावा. तेव्हापासून दोन पट्ट्या जास्त जातात, आणि मुलगी त्या कोणासाठी हे मोकळेपणाने सांगते.

रस मात्र गावच्या झाडाचा, डिचोलीकडचा. घरामागे एकच रसाळ आहे, माझ्या आजोबांच्याही आधीचा. हल्ली रसाळ कोणी लावत नाही. रोपवाटिकेत गेलं तर कलमं सगळी काप्याची. पिकलेला रसाळ वरून पडून फुटतो, माशा घोंघावतात, आणि भावाला तो रोज फावड्याने उचलावा लागतो. फणसाची बी रुजते, पण आईसारखीच निघेल याची खात्री नाही, हाच गर हवा तर ह्याच झाडाचं कलम बांधायला हवं. परवा भावाचा फोन होता. फांदी कौलांवर आली आहे, मूळ पायाकडे सरकतंय, पावसाआधी काय ते ठरवू म्हणाला. त्याचं चुकत नाही, कौलं त्याची फुटतात.

मी सध्या कलम बांधणारा माणूस शोधतो आहे. साखळी गावात एक आहे असं कळलं, पण तो फोन उचलत नाही.