नव्याने बांधलेले इंजिन ओढत का नव्हते

माझ्या मावसभावाची कोकणच्या किनाऱ्यावर चालणारी जुनी जेट स्की इंजिन सीझ झाल्यामुळे गेल्या हिवाळ्यात टेम्पोतून पुण्यात माझ्या दारी आली. जेट स्की हे खरे तर कावासाकीचे व्यापारी नाव आहे, परंतु किनाऱ्यावर कोणत्याही कंपनीच्या वॉटर स्कूटरला सगळे तेच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो. या गाडीत ७०१ सीसीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. थंड करण्याच्या पाण्याच्या वाटेत वाळू आणि मीठ साचल्याने ते तापले आणि मागचा पिस्टन सिलिंडरमध्ये धरला गेला.

दोन्ही सिलिंडरांचे बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकचे सील आणि गॅस्केट असे सगळे काम नाना पेठेतून सुटे भाग आणून आणि भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून आम्ही पूर्ण केले. पाण्याच्या वाटाही खरवडून मोकळ्या केल्या. अंगणात थंड करण्यासाठी पाण्याची नळी जोडून गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली आणि थ्रॉटल दाबताच मोकळेपणाने किंचाळली. (आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडायचे, आणि आधी पाणी बंद करून मग इंजिन थांबवायचे, हा क्रम उलटला तर पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये शिरते.) पानशेतच्या जलाशयात, तिथल्या जलक्रीडा केंद्राच्या परवानगीने गाडी उतरवली आणि सुरुवातीचा जपून चालवण्याचा टप्पा संपल्यावर थ्रॉटल पूर्ण दाबला, तेव्हा मात्र ती जेमतेम ताशी ४० किलोमीटरपर्यंत गेली आणि तिथेच अडकली.

भावाचे म्हणणे पडले, "दादा, ही समुद्राची गाडी आहे, डोंगरावर तिचा जीव गुदमरतो." यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, पानशेतचे पाणी त्याहूनही वर, आणि एवढ्या उंचीवर हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे शक्तीही साधारण तेवढीच घटते. परंतु ताशी ६५ च्या आसपास धावणारी गाडी ४० वर अडकण्याचे खापर हवेवर फोडता येत नाही.

मग मी प्लगच्या वायरला चिमटा लावून इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे मोजणारे छोटे मीटर आणले, आणि हे काम आधीच करायला हवे होते. गाडी पळत नाही एवढ्यावरून दोष इंजिनात आहे की पाणी मागे फेकून गाडी पुढे ढकलणाऱ्या पंपात, हे कळत नाही. पंपातला फिरता पंखा, म्हणजे इंपेलर, झिजला असेल किंवा त्याच्या भोवतीच्या वेअर रिंगमधली फट वाढली असेल, तर पाणी निसटते, इंजिनावरचा भार हलका होतो आणि फेरे चढूनही वेग येत नाही. आमच्या गाडीचे फेरे मात्र सहा हजारांच्या वर जायला हवे असताना ४,८०० वरच थांबत होते. पंप निर्दोष ठरला.

यानंतरचे तीन रविवार मी आम्हीच केलेल्या कामावर संशय घेण्यात घालवले. कॉम्प्रेशन मोजले तर एका सिलिंडरमध्ये १४५ आणि दुसऱ्यात १४८ पौंड (दर चौरस इंचाला) दाब भरला. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद भागात, ८ पौंड दाबाची हवा भरली, ती दहा मिनिटे तसूभरही उतरली नाही, म्हणजे सील आणि गॅस्केट ठीक होते. फ्लायव्हीलची चावी सरकून ठिणगीचे टायमिंग मागे पडले असेल, ही शंकाही डायल गेजने मोजून फेडून घेतली. या कार्बोरेटरांमध्ये फ्लोट नसतो, क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलणारा पडदा पेट्रोल ओढतो. ते पडदे, आतली बारीक जाळी आणि टाकीवरचा पेट्रोलचा कॉक असे सगळे साफ केले. प्लग काळे येत होते म्हणून पेट्रोल जास्त जात असावे असे ठरवून मी मुख्य जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, एक नंबर लहान बसवले. फरक काहीच पडला नाही, पण ही चूक महागात पडू शकली असती. त्याकडे पुढे येतो.

शेवटी वर्कशॉपमधल्या वयस्कर मिस्त्रींसमोर सगळे आकडे मांडले. त्यांनी जन्मात कधी जेट स्की उघडली नव्हती. आकड्यांकडे फारसे न पाहता त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, सायलेन्सर उघडला का?"

चेतकच्या काळात ज्यांनी स्कूटर चालवली, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. कार्बनने चोक झालेल्या सायलेन्सरची स्कूटर घरासमोर झकास गुरगुरायची आणि कात्रजच्या चढावर मान टाकायची, मग सायलेन्सर काढून जाळून साफ करायचा. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनची वेगळी फेरी नसते, आत येणारे ताजे मिश्रणच त्याला रेटून बाहेर काढते. वाट अडली की जुना वायू आत उरतो, ताज्याला जागा मिळत नाही, ज्वलन अर्धवट होते आणि प्लग काळा पडतो.

जेट स्कीत एक्झॉस्टच्या धातूच्या नळीपासून पुढच्या वॉटर बॉक्सपर्यंत, म्हणजे तिच्या सायलेन्सरपर्यंत, जाड रबरी होज असतो. गरम वायूपुढे रबर टिकते याचे कारण असे, की इंजिन थंड करून आलेले पाणी वायूतच मिसळले जाते. ज्या दिवशी पाणी अडून पिस्टन धरला, त्याच दिवशी हा होजही कोरडा पडून आतून भाजला होता. आम्ही पिस्टन बदलला, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा होज पुसून पुन्हा बसवला. काढून आत बोट घातले तेव्हा अस्तर एका बाजूने सुटून जिभेसारखे लोंबत असलेले हाताला लागले. वायूचा प्रवाह थोडा असताना ते भिंतीला चिकटून राहत असे, आणि पाण्यात पूर्ण भार आला की प्रवाहाच्या जोराने दुमडून वाट अडवत असे. अंगणात भाराशिवाय इंजिनाला हवा थोडीच लागते, त्यामुळे तिथे काहीच जाणवले नव्हते.

नवा होज मुंबईहून मागवला. तो बसवण्याआधी मूळ जेट परत घातले, कारण वाट मोकळी झाल्यावर इंजिन पूर्ण श्वास घेणार आणि लहान जेटमुळे पेट्रोल कमी पडून नवा पिस्टनही धरला गेला असता. पुढच्या रविवारी पानशेतला मीटरवर ६,१५० फेरे दिसले. भावाने काठावर येऊन पहिल्यांदा इंजिन बंद केले आणि मग जुना होज मागून घेतला. तो आता त्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.